बदललेल्या हृदयासोबत मन कसं सांभाळायचं: नागपूरच्या महालातल्या टेलरबाईच्या वहीतून

चेन्नईहून हृदय बदलून घरी परतले तेव्हा हातात एक जाड फाइल होती. गोळ्यांचा तक्ता, काय खायचं नाही त्याची यादी, ताप किती चढला की फोन करायचा, सगळं त्यात होतं. रडू कधी येईल आणि आलं तर काय करायचं, एवढं एक पान मात्र नव्हतं. ते मी माझ्या मापाच्या वहीत मागच्या बाजूनं लिहीत गेले. वही पुढून उघडली की गिऱ्हाइकांची छाती-कंबर-बाही, मागून उघडली की माझं.

महाल या नागपूरच्या जुन्या वस्तीत मी बावीस वर्षं ब्लाउज शिवते. दुसऱ्या बाळंतपणानंतर हृदय फुगलं. औषधांवर ११ वर्षं ओढली, मग औषधांनीही हात टेकले. ४१व्या वर्षी दुसऱ्या कुणाचं तरी हृदय माझ्या छातीत आलं, त्याला आता चार वर्षं झाली. मी डॉक्टर नाही. गोळ्यांबद्दल इथे जे लिहिलंय ते माझ्या डॉक्टरांनी मला समजावलं तसं लिहिलंय. तुमचा डोस आणि तुमचे नियम तुमच्या दवाखान्याचेच. पण मन कुठे कुठे अडकून फाटतं, ते मला ठाऊक झालंय.

"नशीबवान" न म्हणणारं एक माणूस शोधा

घरी आल्यावर महिनाभर जो येई तो हेच म्हणे, "लय नशीबवान हायस बाई तू." खोटं नव्हतं. यादीत नाव लावून वाट पाहता पाहता गेलेली माणसं मी चेन्नईत पाहिली होती. त्यामुळे तर तक्रार करायला तोंडच उरलं नाही. झोप लागत नाही म्हणावं, तर जीव वाचला ना. चेहरा भोपळ्यासारखा सुजलाय म्हणावं, तर जीव वाचला ना. मग मी बोलणंच सोडलं.

उपाय साधा आहे, पण तो ठरवून करावा लागतो. असं एक माणूस निवडा, जे हा शब्द वापरणार नाही. माझी धाकटी बहीण सावनेरला असते. दर गुरुवारी दुपारी वीस मिनिटं फोन. तिनं सल्ला द्यायचा नाही, देवाचं नाव घ्यायचं नाही, फक्त "मग?" म्हणायचं. पहिल्या दोन गुरुवारी मी भाजीचे भाव सांगितले. तिसऱ्या गुरुवारी आयसीयूतल्या मुंग्या सांगितल्या.

त्या मुंग्यांचं इथेही सांगते, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. ऑपरेशननंतरचे चार-पाच दिवस मला छतावरून मुंग्यांच्या रांगा उतरताना दिसत होत्या. वारलेले बाबा खाटेशी बसून तमिळ बोलत होते. मला वाटलं, हृदय दिलं आणि डोकं काढून घेतलं. मोठी ऑपरेशनं, स्टेरॉइडचे मोठे डोस, दिवसरात्र जळणारे दिवे, यांनी असा भ्रम बऱ्याच जणांना होतो आणि तो ओसरतो. मला हे चार महिन्यांनी कळलं. तुमचं माणूस आयसीयूत असेल तर रोज काय घडलं ते एका कागदावर लिहून ठेवा. पुढे पेशंटला ते वाचून दाखवा. खरं काय आणि भास कोणता हे वेगळं झालं की रात्रीची दचकून जाग बरीच कमी होते. माझी झाली.

बहिणीऐवजी नवऱ्याला निवडू नका. तो आधीच काठोकाठ भरलेला असतो. त्याचं पुढे येईलच.

हे मी आहे की गोळी आहे?

घरी आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत मी दोऱ्याच्या रिळावरून पोरीला थापड मारली. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. रात्रभर मला वाटत होतं की मी वाईट बाई झालेय. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना हे सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, प्रेडनिसोलोन. म्हणजे माझी स्टेरॉइडची गोळी. मोठ्या डोसवर माणूस चिडतं, उगाच हसतं, उगाच रडतं, भूक खवळते, झोप उडते. डोस उतरत जातो तसं हे उतरतं. म्हणून पोरीची माफी मागायची नाही असं नाही. मी मागितली.

तेव्हापासून वहीत एक नियम आहे. मनात नवीन काही सुरू झालं की तारीख लिहायची आणि शेजारी, गेल्या पंधरा दिवसांत कुठली गोळी वाढली, घटली की बदलली, ते लिहायचं. तपासणीला गेलं की पहिला प्रश्न हाच. स्टेरॉइड सकाळी खाऊन घ्यायची असते. ती चुकून दुपारवर ढकलली तर त्या रात्री छताचे पत्रे मोजावे लागतात, हे मी अनुभवानं सांगते.

दुसरी गोष्ट हाताची. टॅक्रोलिमसनं, म्हणजे शरीरानं नवं हृदय हाकलू नये म्हणून घ्यायच्या गोळीनं, हात थरथरतो. शिवणाऱ्या बाईचा हात थरथरला म्हणजे काय, ते शिवणाऱ्यालाच कळेल. सुईत दोरा ओवायला मला दहा मिनिटं लागायची. गिऱ्हाईक समोर बसलेलं. त्या बाईला वाटायचं मी घाबरलेय, मग मलाही तसंच वाटायला लागायचं. नंतर लक्षात आलं की गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत थरथर सगळ्यात जास्त असते, कारण तेव्हा रक्तात औषध सगळ्यात जास्त असतं. माझी गोळी सकाळी नऊ आणि रात्री नऊ. म्हणून सकाळी मी फक्त कापते आणि सरळ शिलाई मारते. हूक, काज, लेस असलं बारीक काम दुपारी चारनंतर. सुई ओवायचं पत्र्याचं यंत्र इतवारीत अगदी किरकोळ पैशात मिळतं. चार आणून ठेवले, एक पर्समध्ये. पुढे डॉक्टरांनी औषधाचं प्रमाण खाली आणलं तशी थरथरही निम्म्यावर आली. पण स्वतःहून डोस कमी करू नका. हा मोह मला झाला होता.

छातीत धस्स होत नाही तेव्हा

आपली भाषा सगळं हृदयावर टाकते. ठोका चुकला, छातीत धस्स झालं, ऊर भरून आला. काळीज म्हणावं तर मटणवाल्याकडे काळीज मागितलं की तो कलेजी देतो, म्हणजे तिथेही घोळच. आता माझ्यासारखीनं काय करायचं, जिच्या छातीत ठोका चुकतच नाही?

गेल्या वर्षीची गोष्ट. मोठ्या पोराची स्कूटी मेडिकल चौकात घसरल्याचा फोन आला. सासूबाई मटकन खाली बसल्या. मी मात्र शांत उभी. धडधड नाही, काही नाही. मनात आलं, मी दगड झाले की काय? पोरगा खरचटलेला गुडघा घेऊन घरी आला, चहा प्याला, मोबाइल बघायला लागला, आणि तेव्हा माझं हृदय धडधडायला लागलं. अर्धा तास थांबेना.

कारण असं. हृदय काढताना त्याच्याकडे डोक्याचा निरोप नेणाऱ्या नसा, म्हणजे मज्जातंतू, कापल्या जातात. त्या टाक्यांनी जोडता येत नाहीत. पुढे काही वर्षांत थोड्याफार वाढतात, पण सगळ्यांच्या नाही आणि पूर्ण नाही. डोक्याचा निरोप मग तारेनं जात नाही, रक्तातून जातो. घाबरल्यावर शरीरात सुटणारं ॲड्रेनलिन रक्तात मिसळून हृदयापर्यंत पोचतं, म्हणून धडधड उशिरा येते आणि उशिरा जाते. त्याच कारणानं आपली, म्हणजे हृदय बदललेल्यांची, नाडी बसल्या जागी ९० ते ११० असते. बोटाला लावायच्या मशीनवर १०२ दिसलं की शेजारच्या बाईचा जीव वरखाली होतो, आपला होऊ देऊ नये.

यातून मी तीन गोष्टी करायला शिकले. चालायला निघताना पहिली दहा मिनिटं अगदी सावकाश, थांबतानाही तसंच, म्हणजे हृदयाला निरोप पोचायला वेळ मिळतो आणि मध्येच दम लागून घाबरगुंडी उडत नाही. वाईट बातमी ऐकल्यावर अर्धा तास कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, कारण धडधड अजून वाटेतच असते. आणि तिसरी, जरा गंभीर: नसा नसल्यानं हृदयाला रक्त कमी पडलं तरी छातीत दुखेलच असं नाही. त्यामुळे "दुखत नाही ना, मग ठीक आहे" हा हिशेब आपल्याला लागू नाही. तपासण्या चुकवायच्या नाहीत, त्या यासाठी.

मला काही वाटतच नाही असं नाही, हे समजायला वर्ष गेलं. घशाशी दाटतं, पोटात गोळा येतो, डोळे भरतात. नुसता ढोल उशिरा वाजतो.

रात्री दोन वाजता

भीती आपल्याकडे रिजेक्शनच्या नावानं येते. शरीर या हृदयाला परकं समजून हाकलायला निघालं तर? कधी कधी ते खरंच सुरू झालेलं असतं आणि काही जाणवतही नाही. म्हणून "मनाचे खेळ आहेत, झोप" असं म्हणणाऱ्या घरच्यांना मी ठाम सांगते, आधी मोजा, मग मनाचं म्हणा. माझ्या उशाशी एक पुठ्ठा आहे, त्यावर स्केचपेननं लिहिलंय:

- दिवा लाव, उठून बस.
- ताप. १००.४ किंवा वर असेल तर फोन.
- नाडी आणि बीपी. नेहमीच्या आकड्यापेक्षा फार वेगळे, किंवा ठोके वेडेवाकडे, तर फोन.
- घोट्यावर अंगठा दाब. खड्डा राहतो का?
- सपाट झोपून दम लागतो का?
- सकाळचं वजन आठव. दोन दिवसांत दोन किलो चढलंय का?

यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर कोऑर्डिनेटरला, म्हणजे दवाखान्यात आपल्यासारख्या पेशंटांचं सगळं बघणाऱ्या बाईंना, फोन, त्याच क्षणी. सकाळ होईपर्यंत थांबायचं नाही आणि "त्यांना कशाला त्रास" म्हणायचं नाही. दम खूप लागत असेल किंवा चक्कर येऊन पडायला होत असेल तर फोनआधी गाडी.

सगळं ठीक निघालं तर ती भीती आहे, आणि तिला हाताला काम हवं असतं. माझ्याकडे गुंतलेल्या दोऱ्यांचा एक डबा आहे. वर्षानुवर्षांचा गुंता. रात्री बसून मी एकेक रंग सोडवते आणि रिळावर गुंडाळते. श्वास आपोआप संथ होतो. मोबाइल मात्र हातात घ्यायचा नाही. "हार्ट ट्रान्सप्लांट किती वर्षं" असं रात्री दोन वाजता शोधून आजवर कुणाला झोप लागलेली नाही.

आकड्यांचं म्हणाल तर ते दिवसा, डॉक्टरांसमोर बसून ऐकावेत. १९६७ साली केपटाउनला पहिल्यांदा माणसाचं हृदय बदललं, तो पेशंट १८ दिवस जगला. आपल्याकडे पहिलं यशस्वी ऑपरेशन दिल्लीच्या एम्समध्ये झालं, ३ ऑगस्ट १९९४ला. आज जगभरात शंभरातले साधारण ८५ जण पहिलं वर्ष पार करतात आणि निम्म्याहून जास्त दहा वर्षांच्या पुढे जातात. हे सगळं सांगितलं तेव्हा मी फक्त उरलेले १५ ऐकले. म्हणून सोबत कुणाला तरी न्या, ते बाकीचे ८५ ऐकतील.

बायोप्सीचंही थोडं. मानेच्या शिरेतून तार घालून हृदयाचे बारीक तुकडे काढतात. आपण जागेच असतो. पहिल्या महिन्यात जवळपास दर आठवड्याला, मग अंतर वाढत जातं. मला सुईपेक्षा रिपोर्टची वाट जास्त सोसत नाही. मी ठरवलंय की रिपोर्ट मिस्टर घेतील, मोबाइलवर आलेला मी उघडायचा नाही, आणि ते मला पहिलं वाक्य सांगतील ते "घरी जायचं" किंवा "थांबायचं" एवढंच. बायोप्सीच्या आदल्या रात्री पेशंटांचा व्हॉट्सॲप ग्रुप बंद. या ग्रुपनं मला खूप दिलं, पण त्यात कधीतरी कुणी गेल्याचीही बातमी येते. अमरावतीचे एक काका होते, मला रोज सकाळी चालायला लावायचे. ते गेले तेव्हा आठवडाभर मी नाडीवरून बोट काढलं नव्हतं. त्यांच्या घरी फोन केला, त्यांच्या मुलीशी बोलले, तेव्हा कुठे ते माझं मरण न राहता त्यांचं झालं.

मी चार दिवस गोळ्या घेतल्या नाहीत

हे लिहू की नको असं झालं होतं. पण फाइलमध्ये "डोस चुकवू नये" असं लिहिलेलं असतं आणि डोस का चुकतो ते लिहिलेलं नसतं.

ऑपरेशननंतरचा दहावा महिना होता. दिवाळी तोंडावर. मास्क लावून बसले होते आणि माझ्या जुन्या गिऱ्हाइकांची दिवाळीची शिलाई दुसऱ्या टेलरकडे गेल्याचं कळलं. गिऱ्हाइकांचा दोष नाही, सणाच्या आधी कापड अडकवून कोण ठेवील. त्या रात्री नऊचा गजर वाजला, मी तो बंद केला आणि गोळ्या डब्यातच राहू दिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मरायचं नव्हतं. पेशंट असण्यातून दोन दिवस सुट्टी हवी होती. दोनाचे चार झाले. चार दिवसांत काही झालं नाही, उलट हात थरथरायचा थांबला, हे सगळ्यात वाईट.

तपासणीला गेले तर रक्तात औषध अगदी कमी आणि बायोप्सीत रिजेक्शन. मी सांगितलं, पाकीट रेल्वेत राहिलं. तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं. तिसऱ्या दिवशी कोऑर्डिनेटर बाई माझ्याशेजारी बसल्या आणि मोडक्या हिंदीत विचारलं, गोळ्या हरवल्या की नकोशा झाल्या? तेव्हा मी इतकी रडले की टाक्यांच्या जागी दुखायला लागलं.

तर सांगायचं असं. गोळ्या नकोशा वाटणं ही आपल्या आजारातली एक खूण आहे, ताप येतो तशी. ताप आला की जसा फोन करता तसा यालाही करा. लाज वाटते, करा तरी. आणि कधी जगणंच नकोसं वाटलं तर एकटं राहू नका. लगेच घरातल्या कुणाला उठवा आणि १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर लावा. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.

मनाच्या डॉक्टरकडे जाताना

नागपुरात यासाठी बाहेरगावी जायची गरज नाही. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. मानकापूरकडचं सरकारी मनोरुग्णालयही आहे, पण आपल्याकडे त्या जागेचं नाव निघालं की लोक डोक्याशी बोट फिरवतात. माझ्या नणंदेनंही फिरवलं. मी म्हटलं, बाई, माझ्या छातीत दुसऱ्याचं हृदय आहे, त्याचं तुला काही वाटत नाही आणि डोक्याच्या डॉक्टरचं वाटतं?

जाताना सगळ्या गोळ्यांची यादी न्यायचीच. मनाच्या काही गोळ्या टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण वरखाली करतात, काहींचा हृदयाच्या ठोक्यावर परिणाम होतो. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा फोन नंबर द्या. मला एक गोळी आठ महिने होती, आता बंद आहे. गोळीपेक्षाही एक युक्ती कामाला आली: काळजीला वेळ नेमून द्यायची. संध्याकाळी पाच ते पाच वीस. दिवसभर मनात जे येईल ते वहीत टिपायचं आणि "पाचला बघू" म्हणायचं. पाच वाजता निम्म्या गोष्टी वाचून हसू येतं. उरलेल्या निम्म्यांवर खरंच काही करता येतं.

किती दिवस वाट पाहावी? दोन आठवडे सलग कशातच रस नाही, किंवा दोन आठवडे सलग मन खाली. त्यापेक्षा जास्त नाही.

ज्याचं होतं तो

वाट पाहण्याच्या पाच महिन्यांत मी रोज देवाकडे हृदय मागत होते. म्हणजे कुणाचं तरी मरण मागत होते का? हा प्रश्न माझ्या ओळखीच्या प्रत्येक पेशंटला पडलाय आणि बहुतेकांनी तो गिळलाय. मला कोऑर्डिनेटर बाईंनी उत्तर दिलं होतं. तो माणूस त्याच्या इजेनं गेला. त्याचा मेंदू संपला होता. तुम्ही प्रार्थना केली नसती तरी तो गेलाच असता, फक्त हृदयही सोबत गेलं असतं. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय आणि अजूनही कधी कधी काढून वाचावं लागतं.

दाता कोण ते सांगत नाहीत. नाव गुप्त ठेवतात आणि ते बरं आहे. मी तरी एका रात्री ऑपरेशनची तारीख टाकून बातम्या शोधल्या. पोरानं मोबाइल काढून घेतला. नागपुरातही अवयवदान होतं, वर्धा रोडवर ग्रीन कॉरिडॉर करून, म्हणजे गाडीसाठी रस्ता मोकळा ठेवून, हृदय विमानतळावर नेल्याच्या बातम्या येतात, कारण बाहेर काढलेलं हृदय साधारण चार तासच टिकतं. अशी बातमी असलेला पेपर त्या दिवशी माझ्यापर्यंत येऊ देत नाहीत. मीच सांगितलंय तसं.

शोधण्याऐवजी मी पत्र लिहिलं. नाव-गाव काही नाही. मी ब्लाउज शिवते, दोन लेकरं आहेत, धाकटी आता सातवीत आहे, एवढंच. कोऑर्डिनेटरकडे दिलं. पोचलं की नाही ते मी विचारलं नाही.

आणि पितृपक्षात सासूबाईंनी तोडगा काढला. म्हणाल्या, "तिथी माहीत हाय, नाव नाही. सर्वपित्रीले त्याचं एक पान वाढू." मी म्हटलं, तो कुठल्या जातीधर्माचा ते तरी कुठे माहीत आहे? "जेवाले काय जात लागते?" वडे, कढी, खीर. पान गच्चीवर पोरगा नेऊन ठेवतो, मी जात नाही, कारण पाखरांच्या विष्ठेपासून आपल्याला लांब राहायचं असतं. मी खालीच जिन्यात उभी राहते. चौथं वर्ष झालं.

ऑपरेशनच्या तारखेला घरचे "दुसरा वाढदिवस" म्हणून केक आणायला निघाले होते. नको म्हटलं. त्या दिवशी सकाळी मी काही करत नाही. संध्याकाळी संत्रा बर्फी आणतात, ती खाते.

शेजारणी विचारतात, "काऊन बाई, त्याच्या सवयी येतात का तुझ्यात?" मला चेन्नईहून आल्यापासून दहीभात आवडतो. पाच महिने वाट पाहणं आणि तीन महिने ऑपरेशननंतरचे, तिथे दुसरं काय मिळत होतं.

घरातली माणसं

मिस्टर इतवारीत कापडाच्या दुकानात आहेत. वर्षभर ते पोलीस झाले होते. हात धुतले का, मास्क कुठाय, ते नको खाऊ. रात्री माझा श्वास ऐकत बसायचे. मला जेलमध्ये असल्यासारखं वाटायचं आणि त्यांच्यावर चिडल्याचं पाप लागायचं. मग एक दिवस बायोप्सी उत्तम आली, आणि चेन्नई सेंट्रलवर तमिळनाडू एक्सप्रेसची वाट पाहत असताना हा माणूस बाकावर बसून हुंदके द्यायला लागला. चांगल्या बातमीच्या दिवशी. तेव्हा कळलं की वर्षभर तो रडलेलाच नव्हता.

त्यानंतर आम्ही कामं वाटली. गोळ्या माझ्या ताब्यात, ते विचारणार नाहीत, फक्त रविवारी डबा पाहतील. रविवारी सकाळी ते मित्रांबरोबर तर्री पोहे खायला जातात, मला न विचारता. मला बाहेरचं उघड्यावरचं चालत नाही, पण त्यांनी का सोडायचं?

नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल फाइलमध्ये एक ओळ नव्हती. छातीचं हाड जुळल्यावर, डॉक्टरांना विचारून, चालतं. भीती दोघांनाही वाटते, त्याला तर जास्त. विचारायची लाज वाटली तर नर्सला चिठ्ठी लिहून द्या, मी तेच केलं. मायकोफेनोलेट ही आपल्याला देतात ती दुसरी गोळी चालू असताना दिवस राहिले तर बाळाला व्यंग होऊ शकतं, तेव्हा तरुण बायकांनी पक्कं साधन आधी ठरवावं.

पाहुण्यांसाठी दारावर पाटी: चपला आणि सर्दी बाहेर ठेवावी. लोक हसतात आणि पाळतात. काढा, गुळवेल, अश्वगंधा घेऊन येणाऱ्यांना मी हात जोडते. ती प्रतिकारशक्ती वाढवायला देतात आणि आमच्या गोळ्या तीच दाबून ठेवायला आहेत. पपनस बंद, कारण ते टॅक्रोलिमस वाढवतं. संत्रं मला डॉक्टरांनी चालू ठेवलंय. नागपुरात राहून संत्रं बंद झालं असतं तर मनाच्या डॉक्टरकडे आधीच जावं लागलं असतं.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ला टेकतो, माणूस घरात कोंडलं जातं आणि मन आंबतं. मी पहाटे साडेपाचला गांधीसागरला चक्कर मारून येते, मग दिवसभर दार बंद. कूलरचं गवत दर वर्षी नवं, आणि जुनं काढताना मी दुसऱ्या घरी, कारण त्यातली बुरशी आपल्या फुप्फुसाला घातक. पाणी कमी पडलं की मूत्रपिंडावर येतं, म्हणून बाटली मोजून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचे पुतळे मिरवत नेतात, त्या गर्दीत उतरता येत नाही, तर इतवारीत नणंदेच्या गॅलरीतून मास्क लावून बघते. सगळे ओरडतात, इडा पीडा घेऊन जा गे मारबत. मी एकदा ओरडले, प्रेडनिसोलोन घेऊन जा गे मारबत. खालच्या पोरांना काही कळलं नाही. मिस्टरांना कळलं.

आरसा आणि काम

गळ्याखालून पोटाच्या वरपर्यंत व्रण आहे. मी माझेच सगळे ब्लाउज उसवले आणि बोटनेक करून घेतले. दोन वर्षांनी एक जुना खोल गळ्याचा पुन्हा घातला, कारण मे महिना होता. चेहऱ्याची सूज स्टेरॉइड उतरलं तशी उतरली. तोवर मी आरशात न पाहता मापपट्टीनं पाहायची. दर पंधरा दिवसांनी स्वतःचं माप वहीत. आकडा आरशाइतका दुखत नाही.

काम सुरू करताना पूर्वीच्या निम्म्यानंच करा आणि गिऱ्हाइकांना आधीच सांगा. पहिले तीन महिने जड उचलणं नाही, माझं मशीन पायाचं होतं तर मोटर बसवून घेतली. आठ ब्लाउज आठवड्याला, त्यावर नाही. दिवाळीत बारा. गेलेल्यांपैकी तीन गिऱ्हाइकं परत आली, एकीनं तर दुसऱ्या टेलरनं बिघडवलेले चार सोबत आणले.

कालची नोंद: वजन ५४.२. ताप नाही. नाडी ९४. झोप पाच तास. मन: चिडचिड, गोळी बदललेली नाही, कारण समोरच्या घराचं बांधकाम आणि धूळ. पाचला बघू. बाकी ब्लाउज ६, त्यातले दोन अस्तरचे.